भिंतीवरची वाटी

गेल्या रविवारी दुपारी फतेगंजच्या आमच्या घराची बेल वाजली. दार उघडलं तर मागच्या घरातल्या कोकिलाबेन... हातात झाकलेली वाटी, लागलेली धाप, दुसरा हात गुडघ्यावर.

आमची आणि त्यांची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मागे कंपाऊंडची भिंत एकच, पण पुढून यायचं तर अख्ख्या सोसायटीला वळसा. आमच्या पुढच्या दारानं त्या आलेल्या मला आठवतात ते फक्त बाबा गेले तेव्हा.

"आगळथी आववुं पड्युं, दीकरा. पाछळ तो तें जंगल करी नाख्युं," म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसलो... मागे मी जंगल करून टाकलंय म्हणून त्यांना पुढून यावं लागलं, हे तोवर नीट पोचलं नव्हतं.

जंगल म्हणजे आमची नवी मागची बाग. बाबा गेल्यापासून आईचं बोलणं कमी झालं होतं. विचारलं तर उत्तर द्यायची, आपणहून काही नाही. मला वाटलं, तिला शांतता हवी आहे. मागच्या अंगणात एक जागा करावी, जिथे ती निवांत बसेल, बाबांची आठवण काढेल...

मी गोरव्याच्या एका कारखान्यात डिझाईनचं काम करतो. त्यामुळे बागेचंही रीतसर ड्रॉईंग झालं. ऊन कुठून येतं, सावली कुठे पडते, बाकावर बसल्यावर समोर काय दिसतं. बायको म्हणाली, "अहो, बाग करताय की पंपहाऊस?" मी लक्ष दिलं नाही.

बाग झालीही छान. दगडी बाक, मोगरा, पारिजातक. भिंतीलगतच्या मोरीच्या जुन्या कट्ट्यावर पक्ष्यांसाठी पाण्याचं पसरट भांडं. भिंतीपलीकडे कोकिलाबेनच्या दोरीवरचे कपडे दिसायचे, म्हणून तिथे उंच बांबूची जाळी लावून मधुमालती चढवली. फोटो इथेच टाकले होते, तुमच्यापैकी पुष्कळांनी कौतुक केलं होतं.

फक्त आई तिथे बसेना...

संध्याकाळी कंपनीतून आलो की विचारायचो, बसलीस का गं? ती म्हणायची, "बसले होते थोडा वेळ. छान केलंयस." बाकावर मात्र पारिजातकाची पानं पडलेली असायची, कुणी न झटकलेली. ती मला दिसत होती... आणि तरी मी 'छान केलंयस' तेवढंच ऐकत होतो.

तर त्या रविवारी कोकिलाबेन सोफ्याच्या कडेला टेकल्या. आईनं ट्रेमधून पाणी आणलं. वाटीतली दाळढोकळी आत गेली, आणि मग दोघी समोरासमोर बसून राहिल्या, बँकेत नंबर यायची वाट बघत असल्यासारख्या. "मजामां?" "मजामां." मग पंख्याचा आवाज...

थोड्या वेळानं कोकिलाबेन उठल्या. आईनं वाटी धुऊन, तिच्यात कढीलिंबाची पानं घालून परत दिली. आमच्या बडोद्यात शेजाऱ्यांची अशी देवघेव चालते, तिला वाटकी-व्यवहार म्हणतात. वाटी भरून येते आणि रिकामी परत जात नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आमच्या घरची वाटी नेमकी कुठून जाते-येते, हे मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी मी कामावर असायचो.

बायकोला विचारलं. "कुठून म्हणजे? तुमच्या जाळीच्या जागेवरून. आई कट्ट्यावर बसायच्या, कोकिलाबेन पलीकडे स्टुलावर. दुपारची भांडी झाली की चहापर्यंत."

"मग मला सांगायचं नाही का?"

"आईंनी सांगू दिलं नाही. म्हणाल्या, इतक्या हौसेनं केलंय त्यानं."

मी मागे जाऊन त्या बाकावर बसलो. आईला शांतता हवी आहे, हे मी कुणाला विचारून ठरवलं होतं? ऊन-सावली मोजली, पण तिला नाही विचारलं. बाबा गेल्यावर मी धड रडलोही नव्हतो... एकटं बसायला जागा बहुतेक मलाच हवी होती, आणि ती मी आईच्या नावानं बांधून घेतली.

संध्याकाळी जाळी काढली. मधुमालती अलगद सोडवून बाजूच्या खांबावर चढवली. पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि कट्टा पुसून घेतला. आई दारातून बघत होती. "असू दे रे," म्हणाली. पण एकदाच म्हणाली.

काल मला सुट्टी होती. दुपारी बाकावर पेपर वाचत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "सुमनबेन..." आणि भिंतीवर वाटी टेकल्याचा आवाज. आई पदराला हात पुसत आली आणि कट्ट्यावर बसली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कोकिलाबेन त्यांच्या गुजरातीत, आई तिच्या मराठीत. आधी गुडघे झाले, मग सुनांचं झालं... मग बाबांचा विषय निघाला. "भाई रोज पाईप लईने मारां सुकेलां कपडां भीजवी नाखता," कोकिलाबेन कुरकुरल्या... बाबा रोज पाईपनं त्यांचे वाळलेले कपडे भिजवून टाकायचे म्हणून.

"मुद्दाम करायचे हो," आई म्हणाली. "तुम्ही ओरडलात की आत येऊन हसत बसायचे." आणि ती स्वतःच हसायला लागली. पाठमोरी होती, खांदे हलताना दिसत होते. बाबा गेल्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

माझे गंभीर, मोजकं बोलणारे बाबा असला खोडसाळपणा करायचे, हे मला माहीतच नव्हतं. पेपर तोंडासमोर धरला... आणि बऱ्याच दिवसांचं राहिलेलं रडून घेतलं.

कोकिलाबेन मराठी वाचत नाहीत, त्यामुळे हे आभार त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत. पण कालची वाटी अजून आमच्याकडे आहे. आईनं तिच्यात गुळांबा भरून ठेवलाय, आणि आज ती द्यायला मी जाणार आहे... मागूनच, भिंतीवरून.