फोकट गेलेली काच

मी डहाणूच्या पोलीस ठाण्यात फौजदार असताना एका बाईने दिलेला जबाब अजून माझ्या कानांत आहे.

"साहेब, माझ्या बाबांना जिवंत जाळलं."

बाबा म्हणजे वाणगावकडचे वृद्ध वाडीमालक. आदल्या दिवशी त्यांचं दहन झालं होतं. मुलगा म्हणत होता, झोपेतच गेले. हयातीत फोटो नसला, तर मृताला खुर्चीत बसवून, हार घालून फोटो काढायची तेव्हा रीत होती. मुलगी, म्हणजे ही बाई, तेव्हा खुर्चीमागेच उभी होती.

"हार हलताना पाहिला मी. दादा म्हणाला, वारा आहे. पण दारं तर त्यानंच लावली होती."

पंचनाम्याला प्रेत नव्हतं. उरली होती फोटोची काच; तेव्हा फिल्मऐवजी काचेवर फोटो उठत.

"ती तर फोकट गेली," फोटोवाला म्हणाला. "अंधारात काढला. काय पण उठलं नाय."

उजेडाला धरली तर खिडकीच्या काचेसारखी कोरी. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. डोळ्यांना न दिसणारा काळेपणाही मोजता येतो, हे मला कॉलेजातल्या सरांच्या कृपेने ठाऊक होतं. काच घेऊन मुंबईच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी काच यंत्रात ठेवून तिच्यातून बारीक प्रकाश सोडून, कुठे किती अडतो ते मोजलं. त्या आकड्यांप्रमाणे आलेखाच्या कागदावरचे चौकोन पेन्सिलीने भरत गेले. कोऱ्या काचेतून आधी खुर्ची आली, मग हार, मग मिटलेले डोळे.

"लेन्स बराच वेळ उघडी होती," ते म्हणाले. "खुर्चीची कड कापल्यासारखी रेखीव आहे. हाराची मात्र छातीवर पसरली आहे. देह कलंडला असता तर एकाच बाजूला पसरली असती. ही वरखाली झाली आहे, पुन्हा पुन्हा."

मुलाला ठाण्यात बोलावून तो कागद पुढे ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या वडिलांचा श्वास. फोटोच्या वेळचा."

त्याने कागद दूर सारला. "नाही साहेब. धोतऱ्याचं पाणी दिल्यावर थंड पडले होते. नाकाशी कापूस धरून पाहिला मी." मग हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे, सरणावर...?"

वडील मुलीलाही वाडीत वाटा देणार होते, म्हणून त्याने विष दिलं होतं. मॅजिस्ट्रेटपुढेही त्याने सारं सांगितलं.

मुलीने मला तेच विचारलं, जे त्याने विचारलं होतं.

"ताई, काच फोटोपुरतंच सांगते," मी म्हणालो.

"मी तेव्हाच ओरडले होते. बायकांनी हाताला धरून परसात नेलं. म्हणाल्या, दुःखानं भ्रमिष्ट झाली."

यंत्राचे उपकार मी मानतोच. पण नंतर हाताखालच्यांना एक गोष्ट आवर्जून सांगत आलो: रडणाऱ्या माणसाचा जबाब शब्दन्‌शब्द लिहा. त्या बंद खोलीत वृद्धाला वाचवायला तेवढं ऐकणारा एकजण पुरला असता.