तुळशीतली तार

गिटारचा आवाज सुधारायचा तर आधी बोटं सुधारावी लागतात, हे मला फार उशिरा कळलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, नागपुरात, माझी ठाम समजूत होती की दोष बोटांत नसून विजेत आहे.

इलेक्ट्रिक गिटार होती, तीही कोणीतरी वाजवून टाकून दिलेली. अॅम्प्लिफायर नव्हता. म्हणून घरच्या मोठ्या रेडिओला रेकॉर्डप्लेअर जोडायचं जे भोक असतं, त्यात मी तिची वायर खुपसायचो. तार छेडली की सूर यायचा आणि पाठोपाठ हिंगण्यातला अख्खा कारखाना सुरू झाल्यासारखी घरघर यायची. सूर विरून जायचा, घरघर मात्र मुक्काम ठोकायची. मी तारा बदलल्या, वायर बदलली, रेडिओ या भिंतीवरून त्या भिंतीला नेला. शेवटी रेडिओ दुरुस्त करणारा म्हणाला, अर्थिंग दे, मागून एक तार काढून ओल्या जमिनीत गाड.

मे महिन्यात नागपुरात ओली जमीन! आमच्या घरी ती एकाच ठिकाणी होती, अंगणातल्या तुळशीवृंदावनात. आई रोज आंघोळ झाली की तिथे तांब्याभर पाणी घालायची. मी गुपचूप तार गाडली, पण आईच्या नजरेतून काय सुटतं?

"काहून रे बाबू, तुळशीले करंट देऊन राहिला का?"

मी समजावलं की करंट जात नाही, उलट रेडिओतली घरघर बाहेर निघून जाते.

"म्हणजे तुह्या डब्यातली घाण तिच्या मुळाशी टाकून राहिला!"

पण तिने तार उपटली नाही, आणि आवाज खरंच सुधारला. मी स्वतःला ध्वनितज्ज्ञ समजू लागलो. सकाळी सूर स्वच्छ, ऊन चढून माती सुकली की पुन्हा घरघर. रविवारी तर दिवसभर घरघर, कारण रविवारी तुळशीचा उपास असतो आणि आमच्याकडे त्या दिवशी तिला पाणी घालत नाहीत.

अशात एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला नोकरी लागून निघून गेला. त्या जागेसाठी मी वेडा झालो होतो. दुसरं काही धड जमत नव्हतं, आणि हेही गेलं तर आपण कशाचेच नाही, असं मला मनापासून वाटत होतं. ऑर्केस्ट्राचे मालक घरी येऊन ऐकणार होते. ते सरकारी कचेरीत कारकून, त्यामुळे त्यांना रविवारच मोकळा.

मी आईला म्हटलं, "एकच रविवार पाणी घाल ना."

"नाही म्हणजे नाही," ती म्हणाली, आणि विषय संपला.

मालक आले, पन्हं प्यायले. मी वाजवायला लागलो, पण घरघर माझ्या आधीच सुरू झाली होती. त्यांनी कैरी चावल्यासारखं तोंड केलं.

"हात बरा आहे भाऊ, पण हे काय घरघरून राहिलं? लोक म्हणतील, स्टेजवर पंखा बिघडला."

माझे डोळे भरून आले. तरी वाजवत राहिलो, आणि मध्येच आवाज निवळला. खिडकीतून पाहिलं तर आई वृंदावनापाशी उभी होती. डोक्यावर पदर, ओठ पुटपुटत होते, आणि हातात तांब्या नव्हता, बादली होती.

"आता कशी टोन आली!" मालक म्हणाले. मला जागा मिळाली.

त्या रात्री आई जेवली नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तिचा उपास मोडला न मी. मंग आता कोणीतरी धराले पाहिजे."

गणपतीत आमचा कार्यक्रम झाला. माईकवाल्याने माझी वायर लावली, घरघर ऐकली आणि माझा आवाज पार बंद करून टाकला. मालकांनी कानात सांगितलं, "हसत राहा, हात चालू ठेव." गिटार लोकांना दिसायला हवी होती, ऐकू यायला नको होती. मी चकचकीत शर्ट घालून दोन तास हवेत वाजवलं.

आई पुढे सतरंजीवर बसली होती. घरी येताना तिचा चेहरा उजळला होता. "किती साफ वाजलं रे बाबू! जराशीही घरघर नाही."

खरं सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, "तुझ्या उपासामुळे."

"मंग मी तो सोडत नाही," ती म्हणाली.

दोन वर्षांनी मी गिटार विकली. तार वृंदावनात तशीच राहिली, आणि आई दर रविवारी उपाशी.