वसुधाताईंची ओळ

वसुधाताईंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातावर चापट मारली. गंमत म्हणून नाही, चांगली लागेल अशी. मी नुकताच लिहून संपवलेला प्रोग्राम चालवून बघायला बटणाकडे बोट नेत होते, तेवढ्यात मागून ही पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर चढवलेली बाई आली. "चालवतेस कशाला? आधी वाच ना! चलाना क्या है, वो तो बंदर भी चला लेगा." वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीपायी मी झाशीतच वाढलेली. घराबाहेर मराठी ऐकायची सवयच नाही. त्यामुळे मला चापटीचा धक्का जास्त बसला की मराठीचा, हे अजून ठरलेलं नाही.

आमचं ऑफिस लहानसं, छावणीकडे जाणाऱ्या शांत रस्त्यावर. इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं काम. मालक गुप्ताजी, आम्ही मोजकी माणसं, आणि सगळ्यांच्या दीदी असलेल्या वसुधाताई. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या झाशीचं. बड़ा बाज़ारच्या मागे राहायच्या. बोलण्यात 'न्याहारी' आणि 'माजघर' असायचं, आणि त्याच वाक्यात 'सुनो तो' आणि 'अरे भैया' पण. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "वाचायला वेळ पुरत नाही."

त्या खरोखर वाचत. कोड कागदावर छापून घ्यायच्या, वर पट्टी ठेवायच्या आणि एकेक ओळ खाली सरकायच्या. पुढे आमची संख्या वाढली, काम वाढलं, तेव्हा त्यांनी स्वतःसारखंच वाचणारं एक अवजार लिहिलं. ते प्रोग्राम चालवत नसे, नुसतं वाचत असे, आणि एकच गोष्ट शोधत असे. ती गोष्ट त्यांनी मला समोसा खाता खाता समजावली.

"हे बघ मीनल. प्रोग्रामला दुसरी फाईल हवी असली की तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने शोधतो. पहिल्या जागी सापडली की पुढे जातच नाही. आता समज, तुला मी बड़ा बाज़ारमध्ये अमक्या नावाच्या दुकानात पाठवलं, आणि कुणी गल्लीच्या तोंडाशीच त्याच नावाचं दुकान थाटलं. तू कुठे शिरशील?"

"पहिल्याच दुकानात."

"हां! आणि माल भलताच घेऊन येशील. म्हणून त्या क्रमात कुणी मध्येच आपली जागा घुसवली, तर ती ओळ मला दिसायला हवी. चालवून कळत नाही गं. चालवलं की फक्त आजचा रस्ता दिसतो."

समोशांचंही तेच कारण. अवजाराने ज्याची ओळ पकडली, त्याच्या नावासकट ती पडद्यावर लाल यायची, आणि त्याने त्या दिवशी सगळ्यांना समोसे आणायचे. मी आणले, राकेशजींनी आणले, गुप्ताजींनीसुद्धा एकदा कुरकुरत आणले. वसुधाताईंवर मात्र कधीच वेळ आली नाही. "दीदी, कभी आप भी खिलाइए," असं राकेशजी चिडवायचे. त्यावर ताई मान उडवून म्हणायच्या, "पकड़ो, फिर खाओ. इथे ओळख-पाळख चालत नाही."

राकेशजी चिरगाँवहून रोज बसने यायचे. इस्पितळांत जाऊन सॉफ्टवेअर बसवायचं काम त्यांचं. सालस माणूस, घरात शिकणाऱ्या दोन मुली. एका सकाळी त्यांच्या फोनवर एका इस्पितळातून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला आणि राकेशजी उभ्याउभ्या पांढरे पडले. नवजात बाळांच्या वॉर्डात आमचा प्रोग्राम वजनावरून औषधाची मात्रा काढून देत असे. या इस्पितळात तो आदल्या दिवशीच बसवला होता. आणि पहिल्याच बाळासाठी त्याने द्यायला हवी त्याच्या कितीतरी पट मात्रा दाखवली होती. आकडा बघून बाईंना शंका आली म्हणून सुई थांबली. बाळ सुखरूप होतं. इतकी वर्षं आम्ही खुर्चीत बसून टाइप करत होतो, आणि त्या टायपिंगच्या दुसऱ्या टोकाला एवढंसं बाळ असतं, हे मला त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं.

दुपारपर्यंत कारण सापडलं, म्हणजे तसं वाटलं. इस्पितळाच्या मशीनवर चाचणीचं एक जुनं फोल्डर गेलं होतं. त्यात औषधाच्या तीव्रतेची फाईल होती, नाव अगदी खऱ्या फाईलचंच, आतले आकडे मात्र चाचणीसाठी मनाने टाकलेले. प्रोग्रामने तीच उचलली. फोल्डर कॉपी कुणी केलं? राकेशजींनी, आपल्याकडच्या एका जुन्या डिस्कवरून. गुप्ताजी ओरडले, "आज शाम तक हिसाब कर लीजिए, राकेशजी. कल से मत आइएगा." राकेशजी डबा पिशवीत भरायला लागले.

तेव्हा ताई उठल्या. "रुकिए. फोल्डर तर नुसतं पडून होतं. प्रोग्राम त्यात शिरला कसा? शिरायला कुणीतरी ती जागा यादीत सगळ्यात वर घातली असणार. आपल्या मशीनवर ते फोल्डर आता नाहीच, म्हणून इथे काही बिघडलं नाही. पण ती ओळ आहे. ओळ आहे तर माझ्या अवजाराला दिसायलाच हवी."

त्यांनी अवजार लावलं. काही नाही. सगळं हिरवं. पुन्हा लावलं. हिरवंच.

मग ताईंनी अवजाराचाच कोड उघडला आणि पट्टी न लावता वाचायला घेतला. मी शेजारी उभी होते. एका जागी त्यांचं बोट थांबलं. तिथे अवजाराला एक सूचना दिली होती: अमुक ओळ वगळ. पुढे त्यांच्याच शब्दांत टीप होती: 'ही मला ठाऊक आहे.' मला अर्थ लागेना. ताईंना लागला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि ती सूचना खोडून अवजार परत चालवलं.

पडद्यावर एकच लाल ओळ आली. समोर नाव: वसुधा.

मी ते नाव दोनदा वाचलं. माझा विश्वासच बसेना. पूर्वी कधीतरी चाचणीपुरती त्यांनी ती जागा यादीत वर घातली होती. रोज लाल दिसते म्हणून अवजाराला गप्प केलं होतं. काम झाल्यावर काढीन म्हणाल्या असतील, आणि विसरल्या. आम्हा कुणालाच त्यांनी कधी सूट दिली नव्हती. दिली होती ती एकटीला, स्वतःला. गुप्ताजी काहीतरी सावरायला गेले, "दीदी, हो जाता है..." ताईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"गुप्ताजी, ये लाइन मेरी है. राकेशजी कहीं नहीं जाएँगे."

मग पर्स उचलून त्या बाहेर गेल्या. आम्हाला वाटलं, घरी गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या तेव्हा हातात तेलकट कागदाची पुडी होती. त्यांनी समोसे टेबलावर मांडले, बशीत चटणी ओतली, आणि राजीनामा गुप्ताजींच्या हातात दिला. कुणाचाही हात पुढे होईना. शेवटी राकेशजींनी एक समोसा उचलला. खाताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तरी त्यांनी तो संपवला.

आम्ही सगळ्यांनी विनवलं. ताई ऐकल्या नाहीत. "ते लेकरू डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांमुळे वाचलं. माझ्यामुळे नाही," एवढंच. जाताना मला बाजूला घेतलं. "प्रोग्राममधून ओळ काढ. पण ती फेकू नकोस. वेगळी ठेव, माझ्या नावासकट. रोज सकाळी अवजाराला सगळ्यात आधी तीच वाचायला दे. तिला पकडलं तरच अवजार शाबूत समज आणि पुढचं काम सुरू कर. जिस दिन छोड़ दे, उस दिन किसी पर भरोसा मत करना."

"ताई, रोज तुमचं नाव लाल बघायचं?"

"मग काय झालं? माझं नाव काय सोन्याचं आहे?"

या हिवाळ्यात ताई गेल्या. झोपेतच. न्याहारीला उठल्या नाहीत म्हणून भाची बघायला गेली. दोनच दिवसांपूर्वी फोनवर त्यांनी मला फैलावर घेतलं होतं, त्यामुळे बातमी माझ्या डोक्यात शिरेचना. मी भाचीला चक्क विचारलं, "नक्की?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गुप्ताजी हळू आवाजात म्हणाले, "मीनलजी, अब दीदी का नाम वहाँ से हटा देते हैं. अच्छा नहीं लगता." मालकांपुढे कधी तोंड न उघडणारे राकेशजी खुर्चीतून उठले. "नहीं साहब. दीदी कहके गई हैं."

मी अवजार लावलं. लाल ओळ आली, समोर वसुधाताईंचं नाव. राकेशजींनी वाकून ते वाचलं, खिशात पाकीट चाचपलं आणि समोसे आणायला गेले.