पडद्यामागून पाहिलेला साहेब

"उभी राहा," सर म्हणाले. "परत सांग. मोठ्यानं."

मी मोठ्यानं सांगितलं, "सिनेमातला साहेब डावखुरा होता."

अख्खी नववी हसली. सर आधी हसले नाहीत. त्यांनी मला नीट पाहून घेतलं, मग वर्गाकडं वळून म्हणाले, "अरे, ही पडद्यामागं बसणारी. हिला सगळं उलटंच दिसणार. हिचं मत धरू नका."

मग हसले.

आता नीट सांगते, कारण माझ्या नातवंडांनाही हे खरं वाटत नाही. पोलादपूरच्या आतल्या अंगाला आमचं गाव. नाव सांगत नाही, भाचे अजून तिथंच राहतात. सत्तरच्या दशकातली गोष्ट. चैत्रात देवीची जत्रा भरायची आणि कशेडीच्या घाटातून ट्रकवर लादलेला तंबूतला सिनेमा यायचा. तंबूच्या मधोमध पांढरं कापड ताणलेलं. मशीनच्या बाजूला गाव बसायचा, कापडाच्या पलीकडं आमची बौद्धवाडी. कापड पातळ, चित्र आरपार दिसायचं. फक्त उजव्याचं डावं होऊन. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. रीत म्हणायचे. आमच्या आज्यानं महाडात जाऊन तळ्याचं पाणी प्यालेलं, त्याला किती वर्षं झालेली. कापड मात्र मध्ये होतंच.

मी जन्मापासून पलीकडची. पुढची बाजू कधी पाहिलीच नव्हती, मग आपली बाजू मागची आहे हे कळणार कसं?

त्या वर्षीचा सिनेमा इंग्रजांच्या राज्यातल्या प्रेमाचा. गोरा साहेब, इनामदाराची मुलगी, घोडे, बंगला, पाऊण वेळ रडारड. आणि मी? मी त्या साहेबावर अशी भाळले की विचारू नका. केसांना तेल नाही, पायात वहाण नाही आणि बाईसाहेब मनातल्या मनात विलायतेला निघालेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागं आईचं लुगडं गुंडाळून नायिकेसारखा पदर घेतला. उजव्या खांद्यावर. शेळी टक लावून बघत होती. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असेल, मला नाही वाटलं. पडद्यावरच्या पाट्यांची अक्षरं उलटी होती, तीही मी साहेबाच्या नादात सोडून दिली होती. एवढी हुशार.

तशीच शाळेत गेले. सरांनी सिनेमावर प्रत्येकाचं मत विचारलं. एक मुलगी म्हणाली, तिनं बापाचं ऐकायला हवं होतं. एक मुलगा म्हणाला, साहेबाला गोळी घालायला हवी होती. कुणी म्हणालं, गाणी फार झाली. सर सगळ्यांना "छान" म्हणत होते.

माझं मत मी रात्रभर घोळवलं होतं. साहेबाची बंदूक डाव्या हातात, पेला डाव्या हातात. माझ्या भावाला डाव्या हातानं जेवतो म्हणून मार बसायचा. मला वाटलं, यालाही लहानपणी असाच मार बसला असणार. ज्याला घरातच वेगळं काढलं, तोच दुसऱ्या रंगाच्या पोरीवर जीव लावू शकतो. हे मला सांगायचं होतं. पहिल्या वाक्यालाच हसू फुटलं. बाकीचं तोंडात राहिलं.

आज म्हातारपणी सांगते, त्या वर्गातलं सगळ्यात विचारी मत ते होतं. खोट्या पुराव्यावर उभं होतं, एवढंच. आणि तो पुरावा मला गावानं दिला होता.

घरी आले. आई शेतात राब भाजून, पेरणीआधीचा पालापाचोळा जाळून आलेली, हातापायाला राख.

"आये, तुला ठाव होतं? आपल्याला उलटं दिसतं म्हणून?"

"ठाव हाय."

"मग सांगितलं का नाय?"

"दिसतं ना? मग झालं. गप बस गो."

सरांपेक्षा हे जास्त लागलं. सर हसले, ते त्यांच्या जागेवरून हसले. आईनं कापडामागची जागा माझ्यासाठी पण धरून ठेवली होती, चटई अंथरून.

त्या संध्याकाळी तोच सिनेमा परत होता. आई मागं गेली. मी पुढं गेले. पहिल्या रांगेत, बायकांच्या कडेला, जमिनीवर बसले. भीती नव्हती असं म्हणणार नाही. हात मी मांडीखाली दाबून ठेवले होते.

जत्रेचा सगळा कारभार आबाकडं. गावात सगळ्यात जास्त जमीन असलेल्या घरातला थोरला; आई त्यांच्याच शेतात कामाला जायची. तो आला.

"उठ गो. तुजी बाजू पलीकडं हाय."

"मला इकडनं बघायचाय."

"तिकडनं पण दिसतोय."

"तिकडनं खोटा दिसतो."

शेजारच्या बायका सरकल्या. माझ्याभोवती रिकामी जागा झाली. आबानं मशीनवाल्याला हात केला, थांब म्हणून. मागून शिट्ट्या, शिव्या. "काढा तिला" म्हणणारा आवाज माझ्याच वर्गातल्या एकाचा होता.

मग आई आली. कापडाला वळसा घालून, डोक्यावरचा पदर सावरत. तिनं माझा दंड धरला. मला वाटलं, झालं.

आबा म्हणाला, "पोरीला आवर. नायतर उद्यापास्नं राबाला येऊ नको."

आईनं त्याच्याकडं पाहिलं. मग माझा दंड सोडला आणि शेजारी बसली.

सिनेमा लागला नाही. आबानं लावू दिला नाही आणि आम्ही उठलो नाही. गाव शिव्या देत घरी गेला. सकाळी तंबू गुंडाळून ट्रक निघून गेला. आबानंही शब्द पाळला. पुढची कित्येक वर्षं आई घाटाच्या रस्त्यावर खडी फोडायला गेली. तिच्या डोळ्यात एकदा कपची उडाली, तो डोळा अधू झाला तो झालाच. कुणी माफी मागितली नाही. सर हेडमास्तर झाले.

आता गावात सभामंडप आहे. खुर्च्या आहेत. कापड नाही, पण पुढच्या रांगा कुणाच्या ते खुर्च्या लावणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं. तो मला हसून सांगतो, "आजी, मागं वारा बरा लागतो हां."

मी पुढं जाऊन बसते. कार्यक्रम सुरू करायचा की थांबवायचा, ते त्यांनी ठरवावं. मी उठणार नाही.