रेंज कुठून लागते

पाळी गावच्या खाणीत मधुकरनं अठरा वर्षं मातीच्या ढिगाला गेलेल्या तड्यांवर नजर ठेवली होती. तड्यात तो घट्ट खडा अडकवी. खडा सैल झाला, की तडा रुंदावला, ढीग घसरायला आला.

नवे वॉकीटॉकी आले, ते सुपरवायझर रुद्रेशनं ऑफिसच्या व्हरांड्यातच तपासले. "पाच किलोमीटर रेंज, मधुकरभाऊ. डब्यारच बरयलां," त्यानं खोक्यावर छापलेला आकडा दाखवला.

"डबो कधी खाणीत उतरलो?"

एक सेट घेऊन मधुकर तळाशी गेला. तिथं त्याचा मेव्हणा निलेश पाण्याचा पंप चालवायचा. कितीदा बटण दाबलं, तरी ऑफिसातून उत्तर नाही. मधे ढिगाचा डोंगर.

सेट निलेशकडे ठेवून तो वर आला. "हे परत धाड. खाली माणूस गाडलो तरी तुका कळाचा नाय."

"दुसरे येवंक आठ दीस लागतले. तवसर पंप बंद ठेवू?" रुद्रेश म्हणाला.

मधुकर दुसरा सेट घेऊन ढिगाच्या कडेनं फिरला. निलेशचा आवाज एकाच जागी स्वच्छ आला, तड्यापाशी. त्यानं सकाळचा खडा बोटानं चाचपला. हलला.

"निलेश, पंप सोड. वर ये."

"सायबाक काय सांगू?"

"सांग, रेंज गावत नाय."

निलेश वाट चढू लागला, आणि खडा आत पडला.