यशोधराताईंचा कापूस

यशोधराताईंना मी पहिल्यांदा जवळून पाहिलं, तेव्हा त्या माझ्या नातीच्या तोंडासमोर कापूस धरून बसल्या होत्या. आमच्याकडे माणूस गेला की राहिला हे पाहायला नाकाशी कापूस धरतात. मी गिरणीवरून दळण घेऊन घरात शिरत होते. अवनी भिंतीला टेकून गप्प बसलेली, डोळे मोठे केलेले, आणि ही पांढऱ्या पातळातली बाई तिच्या ओठांपुढे चिमटीत कापसाचा पुंजका धरून एकटक बघतेय. माझ्या हातातून डबा सुटला. पीठ उंबऱ्यापासून मोरीपर्यंत सांडलं.

"काय झालं तिले?" मी विचारलं.

"काई नाई झालं," त्या मान न वळवता म्हणाल्या. "म्हन बाई, प." अवनी म्हणाली, प. कापूस जागचा हलला नाही. "आता फ." कापूस उडून त्यांच्याच नाकाला चिकटला आणि पोरगी खदखदून हसली. "पाह्यलं? फ वारा घेऊन येते. प रिकाम्या हातानं येते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ते पीठ झाडून टाकू नका. वरचं वरचं तुमाले घ्या, खालचं परातीत भरून ठेवा. आमच्या कामी येते."

आम्ही तेव्हा नुकतेच मोर्शीत राहायला आलो होतो. माझा मुलगा गजू संत्र्याच्या पॅकिंग शेडवर ट्रॅक्टर चालवतो, सून तिथंच संत्री निवडते. दोघं सकाळी जात ते दिवे लागल्यावर येत. पहिलीतली अवनी माझ्या ताब्यात. यशोधराताई आमच्या ओळीत चार घरं सोडून एकट्या राहत. अंगणवाडी चालवण्यात सगळी उमर घालवून निवृत्त झालेल्या. त्या दिवशी अवनी शाळेतून लवकर आली, दाराला कुलूप बघून रडायला लागली, म्हणून ताई तिला घेऊन शेजारून किल्ली मागून आत बसल्या होत्या. त्यांच्या कमरेच्या बटव्यात तंबाखू आणि कापूस एकत्रच असे. त्यामुळे त्यांच्याकडे शिकणारी पोरं शिंकत शिंकत शिकत.

त्या बौद्ध, आम्ही कुणबी. सुरुवातीला मी त्यांच्या घरचा चहा घेतला नाही, काहीतरी कारण सांगायची. त्यांच्या ते लक्षात आलं होतं. "चहा थंडा होऊन राहिला, जाऊ द्या, मीच पिते," एवढंच म्हणत आणि दोन्ही कप पीत. झालं ते लिहायला हवं म्हणून लिहिलं.

त्या पहिल्याच दिवशी मी फुशारकी मारली. मी चौथी शिकले. आमच्या वेळी गुरुजी पुढून म्हणत, आम्ही मागून म्हणत, त्यालाच शिक्षण म्हणत. अवनीला मी तसंच शिकवलं होतं. पुस्तकातली एक ओळ मी म्हणायची, तीच तिनं म्हणायची, रोज तासभर. दिवाळीपर्यंत ती बोट फिरवत सगळं पुस्तक घडाघडा वाचायला लागली. मी म्हटलं, "ताई, हिले प फ कायले पाह्यजे? आमची पोट्टी पुरं पुस्तक वाचते."

"वाच व बाई," त्या म्हणाल्या.

अवनीनं एक पान वाचलं. ताई "वा" म्हणाल्या. मग पुस्तक हातात घेतलं, माझ्याशी बोलता बोलता उलटं केलं आणि परत तिच्या मांडीवर ठेवलं. "हेच पान आखीन एक डाव वाच."

तिनं वाचलं. अक्षरं डोक्यावर उभी होती, तिचं बोट ओळीवरून सरळ चाललं होतं, आणि एक शब्द चुकला नाही.

यशोधराताई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भित्री बाई नाही. शेतात साप मारलेत, बाळंतपणं एकटीनं केलीत. पण त्या उलट्या पुस्तकाची मला भीती वाटली. कारण हे मी आधी एकदा पाहिलं होतं.

गजू असाच वाचायचा. चौथीपर्यंत मास्तरला तो हुशार वाटला. पाचवीत नव्या मास्तरनं त्याच्या हातात वर्तमानपत्र दिलं. गजू नुसता उभा राहिला. शाळेत मास्तरनं मारलं, घरी मी मारलं. लाटणं, चप्पल, हाताला येईल ते. मला वाटे पोरगा अडेल आहे. रोज संध्याकाळी त्याला वाचायला बसवायची आणि रोज मारायची. एक दिवस तो शाळेतून घरी आलाच नाही. दिवस बुडायच्या आत लोकांनी विहिरीत गळ सोडला. गळ तळाच्या दगडांवर खडखडायचा आणि वर येताना दर वेळी कशात तरी अडकल्यासारखा जड वाटायचा. मी काठावर बसून होते. शेवटी गजू कडब्याच्या गंजीत सापडला. त्याला आमचं सगळं ऐकू येत होतं, गळाचा आवाजसुद्धा, तरी तो बाहेर आला नव्हता. त्यानंतर आमच्या घरात कोणी शाळेचं नाव काढलं नाही.

आज तो पस्तिशीचा आहे. आकडे येतात, अक्षरं येत नाहीत. मोबाईलवर बोलूनच निरोप पाठवतो. सुनेला माहीत होतं, शेडवर कोणाला नव्हतं, आणि अवनीला तर नव्हतंच. ती पुस्तक घेऊन गेली की तो म्हणे, "आजीले दाखव, मी थकलो."

हे सगळं मी ताईंना सांगितलं. शेवटी विचारलं, "हे रक्तातून येते काय वो?"

"मी का डाक्टर आहो?" त्या म्हणाल्या. "येत असन, नसन. पाहू ना बसून."

तेव्हापासून त्या रोज दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसत. अक्षराचं नाव आधी सांगत नसत, आवाज सांगत. अवनीचं बोट तिच्याच गळ्यावर ठेवत. "क म्हन. वाजलं काई? नाई ना. आता ग म्हन. घुंगरू वाजलं का नाई?" मग तोच आवाज पिठाच्या परातीत बोटानं काढायचा. मग तो आवाज पहिला येतो अशा वस्तू घरातून शोधून आणायच्या. म आला त्या दिवशी पोरीनं मीठ, मिरच्या आणि माठावरचं झाकण आणलं आणि माझा पदर धरून मला ओढत नेलं. "माय," ती बापासारखं म्हणाली. ताईंनी मला मिरच्यांशेजारी बसवलं.

त्या क पासून सुरुवात करत नसत. न, म, र, घ अशी मधली मधली अक्षरं घेत. मला ते पटेना. मी म्हटलं, "आमाले तं ओळीनं शिकवलं. क ख ग घ ङ."

"बरं. ङ कायचा?"

"कायचाच नाई."

"मंग ज्याचं कोनीच नाई, त्याले पाचव्या नंबरावर काहून बसवता? राहू द्या त्याले मांगं. बोलवू सवडीनं."

अवनी आवाज पटापट ओळखायला लागली, पण अक्षरं तिला दगा देत. घ काढायला सांगितला की ध काढे, 'घर' ला 'धर' म्हणे. आज आलेलं उद्या पुसलेलं. शाळेतल्या बाईंनी वहीत काहीतरी लिहून पाठवलं, घरी लक्ष द्या म्हणून. दर चुकीला मला गजू आठवे. मी चेहरा सरळ ठेवायची, पण पोरांना चेहरा कळतो. ती आधी माझ्याकडे बघे आणि मग अक्षराकडे.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. वाऱ्यानं परातीतलं पीठ उडत होतं म्हणून आम्ही घरात बसलो होतो. तिनं एका दुपारी सातव्यांदा घर ला धर म्हटलं आणि माझा हात वर गेला. मारला नाही. पण वर गेला, आणि अवनीनं डोकं खांद्यात ओढून घेतलं. तिला मी कधीच मारलं नव्हतं, तरी तिला माहीत होतं काय येणार आहे ते. गजू अगदी अस्संच डोकं ओढायचा.

ताईंनी परात बाजूला सारली. "गजूची माय, तुमी बाहीर जाऊन बसा."

"माह्या घरातून?"

"हो. तुमच्या भेवानं हिचा गळा आवळून राहिला. भेलेल्या लेकराले अक्षर दिसत नाई, हात दिसते."

मी उठून गेले. फार राग आला. मनात काय काय आलं ते लिहीत नाही, शोभण्यासारखं नव्हतं. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्याही ओट्यावर आल्या नाहीत. अवनी मात्र शाळा सुटली की दप्तर टाकून त्यांच्याकडे पळे आणि नाकाला पीठ लावून परत येई. नवव्या दिवशी मी गेले. दारात उभी राहिले. माफी वगैरे मागायला मला जमत नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "पन बोलू नका."

मी बसले. त्यांनी चहा ठेवला. मी प्याले. त्या दिवशी अवनीनं घर ला घर म्हटलं, पण ते चहामुळे नव्हे, तिनं परातीत बोट फिरवून फिरवून ते काढलं होतं. जाताना ताई मला म्हणाल्या, "घाई करू नका. अक्षर कुठी पयून जात नाई. पोट्टी पयून जाते." त्यांना गजूची ती संध्याकाळ मी सांगितलेली होती. त्यांनी मुद्दाम म्हटलं की सहज, मला कळलं नाही, पण रात्री जेवण गेलं नाही.

गजू त्यांना टाळायचा. कधी कामातून लवकर सुटला आणि त्या ओट्यावर दिसल्या की ट्रॅक्टर कोपऱ्यावरच उभा करून पानठेल्यावर थांबे. एकदा त्यांनीच त्याला गाठलं. "काय रे, मले पाहून दडतं? मी का तुले पाढे विचारनार?" तो हसला आणि खाली बघत आत गेला. त्या मला हळूच म्हणाल्या, "याले अजून कोनी सांगलं नाई, का मार संपला मनून."

त्यांना दमा होता. होळीनंतर तो वाढला. दोन वाक्यांमध्ये थांबावं लागे, छातीतून शिट्टी वाजे. अकोल्याहून मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. त्या रिक्षात बसत असताना मी विचारलं, "ताई, खरं सांगा, हिले येईन का?"

"मले माहीत नाई," त्या म्हणाल्या. दुसरी कोणी असती तर येईल येईल म्हणाली असती. "तुमी बसवत जा. वरडू नका."

पुढचे महिने मी एकटीनं बसवलं. पण माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन नंतर झालं, तेव्हा पान नुसतं धुरकट दिसायचं. अवनी बोट ठेवून हळूहळू म्हणे, मी ऐके. ती वाचते की शाळेतून ऐकून पाठ म्हणते, हे कळायला मला मार्ग नव्हता. तिला विचारायची भीती, सुनेला तपासायला सांगायची भीती. कधी वाटे, पुस्तक उलटं करून बघावं. हात पुढे जाई आणि मी मागे घेई. मला ते दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं.

ती दुसरीत गेली. जुलैत एका संध्याकाळी गजू खुशीत घरी आला. "माय, आपल्या ताईचा बॅनर लागला चौकात. हा एवढा फोटो, चहूकडून फुलंच फुलं. त्याईचा सत्कार असन." आमच्या चौकात रोज कोणाचा ना कोणाचा बॅनर असतो. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड. मला बरं वाटलं. अंगणवाडीच्या बायकांनी लावला असेल, म्हणजे ताई मोर्शीत येणार. सकाळी मी चांगलं पातळ नेसले. अवनीला घेऊन आधी त्यांच्या घरी गेलो, तर कुलूप होतं. मग गजूनं आम्हा दोघींना मागे बसवून मोटारसायकल चौकात घेतली, सत्कार कुठं आहे ते बघू म्हणून.

मला फुलांचे रंग दिसले आणि मध्ये एक पांढरं काहीतरी. गजू गाडीवर बसूनच होता, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत. मी म्हटलं, "अवनी, कुठी आहे कार्यक्रम, पाह्य बरं."

ती बॅनरच्या जवळ गेली आणि बोट वर केलं. सगळ्यात वरची मोठी ओळ जोडाक्षरांची होती, ती तिला जमली नाही. ती सोडून खाली आली. "य. शो. ध. रा. यशोधरा. यशोधराआजी." मी मनात म्हटलं, हे फोटोवरून. ती पुढे सरकली. "यां. चे. यांचे. अ. को. ला. अकोला. ये. थे. येथे. नि. ध. न." ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून जोडलं. मग माझ्याकडे वळली.

"आजी, निधन म्हंजे काय व?"

हा शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. तिच्या पुस्तकात नव्हता. आमच्या घरातही तो कोणी बोलत नाही. आमच्याकडे माणूस मरतो.

"मेल्या त्या," मी म्हटलं.

ती फोटोकडे बघत राहिली. मग बापाकडे बघितलं. "बाबा, तुमी तं सत्कार म्हनलं होतं. इथं तं असं लिवलं आहे."

मी बॅनरचा बांबू घट्ट धरला. ताईंसाठी की गजूसाठी, ते मला आजही सांगता येत नाही. तो गाडीवरून उतरला नाही तर काय, उतरून निघूनच गेला तर काय. बाजूला शेडवरची दोन माणसं चहा पीत उभी होती. गजूनं गाडी स्टँडला लावली, हळू चालत आला आणि अवनीच्या मागे उभा राहिला.

"मले वाचता येत नाई, बेटा," तो म्हणाला. दबक्या आवाजात नाही, साध्या आवाजात. "पुढं काय लिवलं, ते वाच."

अवनीनं एकदा त्याच्याकडे बघितलं. मग बोट वर केलं आणि पुढची ओळ लावायला लागली.