औषध अंजनाबाईचं होतं

अंजनाबाईला मोडी वाचता येत होती, आणि तिच्या थोरल्या भावाला, देवरावाला, येत नव्हती. बापाने दोघांनाही शिकवायला बसवलं होतं, पण देवराव पाटी टाकून पळायचा. पुढे बापाच्या, म्हणजे कृष्णराव वैद्यांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा घरची मोडीतली पोथी वाचून दाखवायला दहा वर्षांची अंजनाच उरली.

तुमसरजवळच्या त्यांच्या खेड्यात पोथीला मोठा मान होता. कृष्णरावांचे पणजोबा भोसल्यांच्या फौजेबरोबर हिंडलेले वैद्य. त्यांनी औषधं थोडी आणि माणसाने राहावं कसं हेच जास्त लिहून ठेवलं होतं. उन्हाळ्यात आंबट-तिखट का सोडावं, पावसाळ्यात सुंठ घालून उकळलेलंच पाणी का प्यावं, पहाऱ्यावरच्या शिपायाने झोपावं कधी आणि जेवावं कधी. वाचून वाचून अंजनाला सगळं तोंडपाठ झालं. औषधं कुटणं, खलणं, दुधात शिजवून शुद्ध करणं, तेही तिच्याकडेच आलं. कृष्णराव आल्यागेल्याला सांगत, "माह्या हातातलं सारं इच्या हातात उतरलं." आणि मेले तेव्हा पोथी, खल आणि वैद्यकी देवरावाला मिळाली. पोरीला काही द्यायचं असतं हे कोणाच्या मनातही आलं नाही. अंजनाच्याही तेव्हा आलं नव्हतं.

भिलाईत पोलादाच्या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं तसा तिचा नवरा बळीराम वाट्याची दोन एकरं भावांवर टाकून तिथे खलासी, म्हणजे अवजड सामान ओढणारा मजूर, म्हणून लागला. कामगारांच्या कॅम्प-1 वस्तीत एक खोली मिळाली. गल्लीत सगळे असेच, भंडाऱ्या-गोंदियाकडून आलेले. शेतात उजाडायला उठून अंधार पडता निजणारी ही माणसं भोंग्यावर जगायला शिकत होती. नाइट ड्यूटीवरून सकाळी यायची, भाकरीवर तुटून पडायची, तशीच आडवी व्हायची आणि दुपारी पोट धरून उठायची.

"जेवून झोपू नोका," अंजनाबाईने नवऱ्याला सांगितलं. "जितकं जागले त्याच्या अर्धं झोपा, मंग उठून जेवा."

"हे कोणं सांगतलं तुले?"

"बाबाच्या पणजोबानं. पहाऱ्यावरच्या शिपायायसाठी लिवलं आहे."

बळीराम हसला, पण त्याने करून पाहिलं आणि त्याचं पोट ताळ्यावर आलं. मग शेजारच्याने केलं. हळूहळू गल्लीतल्या बायका लेकरांचे जुलाब, नवऱ्यांचे ताप घेऊन तिच्या दारात यायला लागल्या.

ही गोष्ट गावी देवरावाच्या कानावर गेली. साठ साली तो बिऱ्हाड घेऊन आला आणि कॅम्पातल्या बाजारात त्याने दवाखाना उघडला. दारावर पाटी लावली, 'पाच पिढ्यांचे वैद्य'. टेबलावर पोथी उघडून ठेवलेली असे. एकदा अंजनाबाई औषध पोचवायला गेली तर पोथी उलटी ठेवलेली. तिने ती सुलटी केली. देवरावाने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

कारण औषधं सगळी तीच करत होती. दुपारभर खोलीत तिचा स्वतःचा खल चाले, संध्याकाळी बाटल्या दवाखान्यात जात. "दादाचं म्हणजे घरचंच काम," बळीराम म्हणे. गल्लीतल्या बायकाही आता तिच्याकडे यायच्या थांबल्या. पाटी होती तिकडे जायच्या. तिला राग येई, पण कोणावर काढावा ते कळत नसे.

एकसष्टच्या मे महिन्यात टिकारामला लू लागली. तो दोन दारं सोडून राहायचा, कोक ओव्हनवर, कोळसा भाजायच्या भट्टीवर, कामाला होता. चार दिवसांच्या तापाने पार सुकून गेला. ताप उतरला, पण पोट साफ होईना. त्याच्या बायकोने, मैनाबाईने, अंजनाबाईला विचारलं.

"आठ दिवस पेज दे. मनुका भिजवून त्याचं पाणी दे," ती म्हणाली. "पोट होईन आपोआप. घाई करू नोको."

टिकारामला आठ दिवस परवडणार नव्हते. हजेरी बुडत होती. तो तिसऱ्याच दिवशी देवरावाकडे गेला. अंजनाबाई तेव्हा बाटल्या घेऊन तिथेच होती. मागे पंजाबराव नावाच्या एका धडधाकट ट्रक ड्रायव्हरसाठी तिने जमालगोट्याच्या गोळ्या केल्या होत्या. कडक जुलाबाच्या. त्यातल्या काही उरल्या होत्या. देवरावाने तीच बाटली उघडलेली तिने पाहिली.

"दादा, ह्या त्याले देऊ नोको."

"कावून?"

"अंगात पाणी नाही राहिलं त्याच्या. उन्हाळ्यात असक्त माणसाले जुलाब देऊ नये, साफ लिवलं आहे. तू वाचून पाह्य."

दवाखान्यात चार रोगी बसले होते. देवरावाचा चेहरा काळवंडला. "वैद्य कोण आहे इथं? तू का मी?" तो म्हणाला. टिकाराम दोघांकडे बघून ओशाळं हसला. देवरावाने दोन गोळ्या मोजून त्याच्या हातावर ठेवल्या.

अंजनाबाईने त्या हिसकावून घ्यायला हव्या होत्या. तिने रिकाम्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिकारामला खाटेसकट ट्रकवर घालून दवाखान्यात नेलं, कारखान्याच्या मोठ्या. डोळे खोल गेले होते, हातापायांना पेटके येत होते. संध्याकाळी तो गेला.

तिसऱ्या दिवशी माणसं देवरावाच्या दारी जमली. मैनाबाई कपाळ बडवत पुढे होती. अंजनाबाई आणि बळीरामही गेले.

देवराव हात जोडून उभा राहिला. "मी दिली ती गोळी बरोबरच होती," तो शांतपणे म्हणाला. "बनवतानीच काही चुकलं असन. औषध अंजनाचं होतं. आता भावानं बहिणीवर भरवसा नाही ठेवाचा त कोणावर ठेवाचा?"

सगळे डोळे तिच्याकडे वळले. ती बोलणार तोच बळीरामने दंड धरला. "चूप राय," तो कानात म्हणाला. "मायेर तुटन तुहं."

ती चूप राहिली. मैनाबाई तिच्या अंगावर थुंकली. जमलेल्यांत त्या दिवशीच्या चार रोग्यांपैकी दोघं होती, सगळं ऐकलेली. त्यांनी खाली पाहिलं.

महिनाभरात देवरावाने दवाखाना दुर्गला हलवला. तिथे त्याचं चांगलं बस्तान बसलं. माहेर मात्र तसंही तुटलं, भाऊबीजेला तो कधी आला नाही. इकडे नळावर अंजनाबाईची घागर कोणी आपल्या घागरीला लागू देत नसे. आया लेकरांना तिच्या दारावरून उचलून नेत. तिने खल धुऊन पुसून शेवया-पापडाचं सामान कुटायला काढला.

मैनाबाईला रेजाचं काम मिळालं, विटा वाहायचं. दोन वर्षं दोघी एका नळावर पाणी भरत राहिल्या, बोलल्या नाहीत. बळीरामला रुआबांध्याकडे क्वार्टर मिळाला तेव्हा सामान बांधून झाल्यावर अंजनाबाई मैनाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मैना, जाण्याच्या आधी सांगतो. गोळीत माही चूक नव्हती. मी दादाले नाही म्हटलं होतं."

मैनाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मले ठाऊक आहे," ती म्हणाली. "हे दवाखान्यात जातानी मले ट्रकमधीच बोलले. म्हणे, अंजनाबाई नाही म्हणून राहिली होती, मीच ऐकलं नाही."

अंजनाबाईला चौकट धरावी लागली. "मंग माह्यावर कावून थुंकली वो तू?"

"तुमच्या भावाच्या पाठीशी सारा बाजार होता, बाई. त्याच्याशी मी एकली रांडमुंड काय भांडन? तुमी जवळ होता. अन् तुमी बोलल्या बी नाही."

तिने सुपातला खडा काढून बाहेर टाकला आणि पुन्हा निवडायला लागली. 'बसा' म्हणाली नाही.

अंजनाबाई परत आली. दारात हातगाडी उभी होती आणि बळीराम गादीची वळकटी दोरीने आवळत होता. "कुठं गेली होती?" त्याने विचारलं.

दोरीचं दुसरं टोक धरून तिने जोर लावला.